घाण्यामागे पळीभर तेल: विज्ञानाला पैसे कोण देतं?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय जरा पैशाचा आहे. शेअर मार्केट नाही, यूपीआय नाही. सरकार विज्ञानाला पैसे का देतं, कधी देतं, आणि ते पैसे मिळवायला कुणाला किती खेटे घालावे लागतात, याचा.

विषय सुचला तो एका प्रश्नामुळे. गेल्या दोन-तीन वर्षांत बीडला घरी गेलो की कुणी ना कुणी विचारतंच: "काय रे, हिंगोलीत म्हणे २६०० कोटींची कसली तरी प्रयोगशाळा होतेय. इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतोय आपण, आणि तिकडं सरकार ब्लॅक होल मोजायला पैसे देतंय?"

प्रश्न एकदम रास्त आहे. "तुम्हाला विज्ञान कळत नाही" असं म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. पैसे जनतेचे आहेत, जनता विचारणारच. उत्तर देण्यासाठी मात्र मला थोडं मागं जावं लागेल. थोडं म्हणजे आठशे वर्षं. चहा घेऊन बसा.

पाटणचा दगड

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीचं ठिकाण आहे. डोंगराच्या कुशीत, गौताळा अभयारण्याला लागून. पावसाळ्यात रील काढायला जाणाऱ्यांची तिथं झुंबड असते. या पाटणला एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. शिलालेख साधारण इ. स. १२०७ चा, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या काळातला.

त्यात काय लिहिलंय? एका घराण्याची हकीकत आहे. त्या घराण्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे भास्कराचार्य. 'लीलावती' लिहिणारे, 'सिद्धांतशिरोमणी' लिहिणारे. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. आपलं गाव सह्य पर्वताजवळचं विज्जडवीड, असं ते स्वतः सांगतात. आता हे विज्जडवीड कुठलं, यावर जुना वाद आहे. काही जण म्हणतात, ते आपलं बीडच. शिलालेख पाटणला सापडल्यामुळे त्या बाजूचं पारडं जड आहे, पण बीडचं नाव या वादात आहे एवढं आपल्याला पुरे. व्हॉट्सॲपवर भांडायला तेवढं खूप झालं.

असो. मुद्दा पैशाचा. शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालानं आपल्या दरबारी नेलं. नातू चांगदेव हा पुढचा राजा सिंघण याच्या दरबारात मुख्य ज्योतिषी होता. या चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला एक मठ काढला. ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतले वाघावर बसून येणारे चांगदेव वेगळे, हे वेगळे.

मठ काढणं सोपं. चालवायचा कशावर? इथं येतो तिथला सत्ताधीश, निकुंभ घराण्यातला सोइदेव. हा यादवांचा मांडलिक. त्यानं मठाला दान दिलं. शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा हिशोब जिथं येतो तिथं भाषा मराठी होते. का, ते उघड आहे. घराण्याची थोरवी पंडितांनी वाचायची, पण पैसे द्यायचेत बाजारातल्या माणसांनी. त्यांना कळायला नको?

हिशोब असा आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा जो वाटा, तो यापुढं मठाला. आणि गावात जे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येक घाण्यामागं पळी-पळी तेल मठाला.

मला ही ओळ फार भारी वाटते. म्हणजे बघा, गणित आणि खगोलशास्त्र शिकवणाऱ्या एका संस्थेचं बजेट, आणि त्यात तेल्याच्या घाण्यातलं पळीभर तेल. आज आपण ज्याला सेस म्हणतो, तोच प्रकार.

हे आजच्या अर्थानं संशोधन होतं का? नाही, मुख्यतः अध्यापन होतं. आणि राजाला चांगदेव हवा होता तो बहुधा बीजगणितासाठी नाही, मुहूर्त आणि ग्रहणं सांगण्यासाठी. पण लक्षात घ्या, चांगदेवानं दरबारातली आपली जागा वापरून आजोबांच्या गणिताची सोय लावून घेतली. राजाला जे हवं होतं ते दिलं, आणि त्याच्या आडोशानं जे टिकायला हवं होतं ते टिकवलं. हा डाव तुम्हाला आज पुन्हा पुन्हा दिसेल.

निजामाच्या नावाची दुर्बीण

आता सातशे वर्षं पुढं. मराठवाडा निजामाच्या राज्यात आहे. बीड हा त्या राज्यातला एक जिल्हा, आणि आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा शेतसारा जातोय हैदराबादच्या तिजोरीत.

हैदराबादला नवाब जफर जंग नावाचे एक सरदार होते. त्यांना आकाश बघायचा भयंकर नाद. त्यांनी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणली आणि १९०१ मध्ये स्वतःच्या जागेत वेधशाळा उभी केली. पैसा स्वतःचा. पण नवाबसाहेब हुशार होते. आपण गेल्यावर वारस दुर्बीण विकून मोकळे होतील, हे त्यांना कळत असावं. त्यांनी निजामाकडं दोन गोष्टी मागितल्या. एक, वेधशाळेला 'निजामिया' नाव द्यायची परवानगी. दोन, आपल्यानंतर ती सरकारनं ताब्यात घ्यावी.

१९०७ मध्ये नवाब वारले. १९०८ मध्ये निजाम सरकारनं वेधशाळा ताब्यात घेतली. स्वतःचं नाव असलेली वेधशाळा कुठला राजा बंद पडू देईल?

पुढं या वेधशाळेनं काय केलं ते ऐका. त्या काळात जगभरच्या वेधशाळांनी मिळून आकाश वाटून घेतलं होतं. प्रत्येकानं आपल्या पट्ट्यातले तारे फोटोवर टिपायचे, त्यांची जागा मोजायची, यादी करायची. अक्षरशः आकाशाचा सातबारा. त्यातला एक पट्टा हैदराबादकडं आला आणि तिथल्या लोकांनी साडेसात लाखांहून जास्त तारे मोजून नोंदवले. कॉम्प्युटर नव्हते, माणसं होती. वर्षानुवर्षं तेच काम. पगार सरकारी.

याच काळात बीड-परभणीकडच्या शेतकऱ्याला त्या ताऱ्यांचा काय उपयोग होता? काहीच नाही, हे कबूल करूया. शाळा कमी, रस्ते कमी, दवाखाने त्याहून कमी. त्या राज्यात दुर्बिणीसाठी कुणी बीडच्या माणसाला विचारलं नाही. राजा खूश, काम मंजूर. लोकशाहीत मात्र तसं चालत नाही, आणि चालू नये. लोकशाहीत मागावं लागतं, पटवावं लागतं, भांडावं लागतं. पुढची गोष्ट त्याचीच.

परभणी: रस्त्यावर उतरून मागितलेलं संशोधन

संशोधनासाठी आंदोलन होतं, असं म्हटलं की माझ्या वयाच्या पोरांना खरं वाटत नाही. आपल्याकडं आंदोलन म्हटलं की आरक्षण, पीकविमा, उसाचा भाव. पण आपल्या मराठवाड्यानं आणि विदर्भानं कृषी विद्यापीठासाठी आंदोलनं केली आहेत.

झालं असं की १९६८ मध्ये महाराष्ट्रात पहिलं कृषी विद्यापीठ निघालं, ते राहुरीला. अख्ख्या राज्यासाठी एक. आता कोकणातला भात, विदर्भातला कापूस, मराठवाड्यातली ज्वारी-तूर, यांचा अभ्यास राहुरीत बसून कसा होणार? जमीन वेगळी, पाऊस वेगळा. विदर्भ पेटला. १९६९ मध्ये अकोल्याला वेगळं विद्यापीठ झालं. मग मराठवाड्यात मागणीनं जोर धरला, विद्यार्थी रस्त्यावर आले. शेवटी १८ मे १९७२ ला परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच तारखेला दापोलीचं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. २०१३ मध्ये परभणीच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव दिलं गेलं.

तारखेकडं पुन्हा एकदा बघा. मे १९७२. त्याच वर्षी पाऊस रुसला आणि ७२ चा दुष्काळ पडला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सुकडी काय असते ते सांगतील. म्हणजे दुष्काळाच्या तोंडावर सरकारनं संशोधनासाठी पैसे द्यायचं ठरवलं होतं. तेव्हाही कुणी म्हणालंच असेल की आधी पाणी द्या, विद्यापीठ काय करायचंय?

त्या पैशाचं काय झालं? तुमच्या घरी शेती असेल तर बियाण्याची पिशवी बघा. तुरीचं 'बीडीएन ७११' वाण माहितीय ना? लवकर येतं, मर रोगाला सहजासहजी बळी पडत नाही. त्यातलं बीडीएन म्हणजे बीड नव्हे बरं का, बदनापूर. जालना जिल्ह्यातलं बदनापूरचं संशोधन केंद्र, ते या विद्यापीठाचंच. सोयाबीनचं 'एमएयूएस ७१' हेही इथलंच. 'परभणी क्रांती' भेंडी तर देशभर पोचली, कारण ती केवडा रोगाला दाद देत नव्हती. आणि आपल्या अंबाजोगाईला याच विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ, ज्याला २०१६ मध्ये 'बीड सीताफळ' म्हणून जीआय मानांकन मिळालं, त्याच्यावर काम करणारं.

एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. निवडणूक पाच वर्षांनी येते. म्हणजे जो आमदार संशोधनासाठी पैसे मागतो, त्याला त्याचं फळ दाखवून मत मागता येत नाही. विज्ञानाच्या पैशाची खरी अडचण ही आहे. विरोधक शोधायला लांब जायला नको, कॅलेंडर पुरे.

अमेरिकेतही भांडणच

आता हिंगोलीकडं वळूया. पण व्हाया अमेरिका.

लायगो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र. आइन्स्टाइननं १९१६ मध्ये सांगितलं होतं की मोठ्या वस्तू जोरात हलल्या की अवकाशातच लाटा उठतात, तळ्यात दगड टाकल्यासारख्या. फक्त त्या इतक्या बारीक, की पकडणार कशा? लायगोची युक्ती अशी: काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतून हवा काढलेली. लेसरचा किरण दोन्हीकडं पाठवायचा, आरशावर आपटून परत आणायचा. लाट आली तर एक बाजू किंचित लांब होते, दुसरी आखूड. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी.

हे ऐकून कुणीही म्हणेल, वेड लागलंय का. तसंच झालं. रायनर वाइस, किप थॉर्न, रोनाल्ड ड्रेव्हर हे लोक सत्तरच्या दशकापासून मागं लागले होते. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे तिथली संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, थोडे थोडे पैसे देत होती. पण खरं यंत्र बांधायचं तर शेकडो दशलक्ष डॉलर्स हवेत, आणि ते संसदेनं मंजूर करायला हवेत.

आणि विरोध कुणी केला? शास्त्रज्ञांनीच. १९९१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर टोनी टायसन यांनी साक्ष दिली की एवढा पैसा आत्ताच यात घालू नका. खगोलशास्त्रज्ञांमध्ये तर मोठी नाराजी होती. या यंत्राच्या नावात 'वेधशाळा' शब्द आहे, मग याचे पैसे आमच्या दुर्बिणींच्या ताटातून जाणार, ही भीती. बघा, जफर जंगांना नावामुळे पैसे मिळाले आणि लायगोला नावामुळेच शत्रू मिळाले.

तरी पैसे मंजूर झाले. दोन जागा ठरल्या: एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड, दुसरी लुइझियानात लिव्हिंग्स्टन. जागेसाठी राज्याराज्यांत चुरस होती, प्रत्येक सिनेटरला प्रकल्प आपल्याकडं हवा होता. १९९३ मध्ये त्याच अमेरिकी संसदेनं टेक्सासमधला महाकाय कण-वेगवर्धक, सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर, अर्ध्यात बंद केला. मग १९९४ मध्ये बॅरी बॅरिश लायगोचे प्रमुख झाले. त्यांनी नवं बजेट मागितलं, काम टप्प्याटप्प्यात बसवलं: आधी साधं यंत्र, मग त्याची सुधारित आवृत्ती. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला व्हर्जन वन, व्हर्जन टू म्हणतो.

व्हर्जन वननं कित्येक वर्षं काहीही पकडलं नाही. शून्य. तरी सरकार पैसे देत राहिलं. १४ सप्टेंबर २०१५ ला सुधारित यंत्रानं पहिली लाट पकडली: १.३ अब्ज प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. चाळीस वर्षं, एक अब्ज डॉलरच्या वर खर्च. २०१७ मध्ये वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना नोबेल मिळालं.

पुणे, दिल्ली, आणि वाट बघणं

यात आपण कुठं होतो? पुण्यात. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभ्या केलेल्या आयुकात. ही संस्थाही एका माणसानं सरकार पटवल्यामुळे झाली: विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यश पाल. तिथं संजीव धुरंधर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून एका प्रश्नावर काम करत होते: यंत्रात येणाऱ्या प्रचंड गोंगाटातून खरी लाट ओळखायची कशी? जत्रेतल्या गलक्यात आपल्या आईची हाक ओळखू येते, कारण तो आवाज आपल्याला आधीच माहीत असतो. तसंच, लाट कशी दिसेल याचे नमुने आधी गणितानं तयार करायचे आणि गोंगाटाशी जुळवून बघायचे. त्यांच्या नि सत्यप्रकाशांच्या या कामाचा पुढं जगभर उपयोग झाला. तेव्हा जगात कुठंच असं मोठं यंत्र उभं नव्हतं. कागद, पेन आणि सरकारी पगार. २०१६ च्या शोधनिबंधावर भारतातल्या तिसांहून जास्त जणांची नावं आहेत ती अशा कामामुळे.

२००९ मध्ये भारतातल्या या लोकांनी 'इंडिगो' नावाचा गट केला. विमानवाली नव्हे. दरम्यान अमेरिकेकडं एका तिसऱ्या यंत्राचे सुटे भाग होते. त्यांना ते दूरच्या देशात हवे होते, कारण दोन कानांनी आवाजाची दिशा अंदाजे कळते, पण आकाशात नेमकी जागा सांगायला आणखी लांबचे कान लागतात. पहिली पसंती ऑस्ट्रेलिया. पर्थजवळ गिनगिनला जागाही होती. पण २०११ मध्ये तिथल्या सरकारनं पैसे द्यायला नकार दिला, आणि संधी भारताकडं आली. अट एकच: यंत्र आम्ही देतो, जागा, इमारत, नळ्या, माणसं तुमची.

२०११ मध्येच प्रस्ताव दिल्लीत गेला. सरकार यूपीएचं. बाराव्या पंचवार्षिक योजनेत मोठ्या विज्ञान प्रकल्पांमध्ये त्याचं नाव आलं. मग फाईल फिरत राहिली. सरकार बदललं. पंचवार्षिक योजना करणारं नियोजन मंडळच गुंडाळलं गेलं. यंत्राचे भाग अमेरिकेत खोक्यात पडून.

आणि मग ११ फेब्रुवारी २०१६. लाट सापडल्याची जाहीर घोषणा झाली, जगभर पहिल्या पानाची बातमी. १७ फेब्रुवारीला, म्हणजे अवघ्या सहा दिवसांत, केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. ३१ मार्चला पंतप्रधानांच्या उपस्थितीत वॉशिंग्टनला करार झाला. पाच वर्षं जी फाईल सरकत नव्हती, ती सहा दिवसांत सरकली. सरकारला हेडलाईन हवी असते, शास्त्रज्ञांना पैसे हवे असतात. दोन्ही एका आठवड्यात जुळून आलं. चांगदेव असता तर म्हणाला असता, मुहूर्त चांगला होता.

पण 'तत्त्वतः' हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडं साठवण तलावाला तत्त्वतः मंजुरी मिळालेली गावं आहेत, त्यांना याचा अर्थ बरोबर कळतो. जागा शोधली गेली, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथं. तपासण्या, अहवाल, खर्चाचे अंदाज. अंतिम मंजुरी आली ६ एप्रिल २०२३ ला. सात वर्षांनी. सुरुवातीला साधारण साडेबाराशे कोटी बोलले जात होते, मंजूर झाले २६०० कोटी. ११ मे २०२३ ला पंतप्रधानांनी दिल्लीहून पायाभरणी केली. यंत्र २०३० च्या सुमारास सुरू व्हावं असं ठरलंय. म्हणजे ज्यांनी २००९ मध्ये गट केला, त्यांच्यातले कित्येक तोवर निवृत्त झालेले असतील. नारळीकर सर तर २०२५ च्या मे महिन्यात गेले.

मग टँकरचं काय?

आता मूळ प्रश्न. २६०० कोटी म्हणजे १४० कोटी लोकसंख्येत माणशी साधारण साडेअठरा रुपये. आणि तेही एकदाच, कित्येक वर्षांत विभागून. एक चहा आणि वर एक पार्ले-जी. बीडचा टँकर या पैशामुळे थांबलेला नाही. तो का थांबलेला नाही याची कारणं धरणात, कालव्यात, उसात आणि आपल्या राजकारणात आहेत, त्यावर वेगळा भाग करू.

देश म्हणून आपण संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे. दक्षिण कोरिया पाच रुपयांच्या आसपास. ९ ऑगस्ट २०१७ ला देशातल्या बऱ्याच शहरांत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी मोर्चा घेऊन निघाले होते. मागणी: विज्ञानाला तीन टक्के द्या, शिक्षणाला दहा टक्के द्या. बातमी एक दिवस चालली. २०२३ मध्ये संसदेनं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला, पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली. पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे, असं गणित आहे. घोषणा ऐकताना हा बारीक अक्षरातला भागही वाचायचा.

मला विचाराल तर मराठवाड्यानं भांडायची गोष्ट ही नाही की लायगो इथं कशाला. भांडायची गोष्ट ही की लायगोतून इथं काय राहणार. आठ किलोमीटर नळी, तीही हवा काढलेली. ती वेल्ड करणारे, तपासणारे, लेसर सांभाळणारे, शीतकरण बघणारे, डेटा सेंटर चालवणारे लोक लागणार. ते सगळे पुण्या-बंगळुरूहून येणार, आणि हिंगोली-परभणी-बीडची पोरं फक्त सिमेंट कालवायला आणि गेटवर उभी राहायला? की आत्तापासून इथल्या आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये, विद्यापीठात तसे कोर्स सुरू होणार?

दुसरी गोष्ट. हे यंत्र फार हळव्या कानाचं आहे. लुइझियानात जवळच्या जंगलात झाडं तोडायचे तर त्या हादऱ्यांनी दिवसा काम बंद पडायचं. शेवटी त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागली. इथंही खाणीतले सुरुंग, जड वाहतूक, आणि २०२४ मध्ये हिंगोलीकरांनी अनुभवले तसे भूकंपाचे धक्के, हे सगळं त्याला ऐकू येणार. म्हणजे आजूबाजूला काय चालेल आणि काय नाही, याचे नियम येणार. ते नियम करताना दुधाळ्याच्या माणसाला विचारणार का? निजामानं विचारलं नव्हतं. आता विचारायलाच हवं.

हे प्रश्न कुणी मांडायचे? आपल्या खासदारांनी. लोकसभेत प्रश्न विचारता येतात, आणि त्यांची उत्तरं संसदेच्या वेबसाईटवर कुणालाही वाचता येतात. मोबाईलवर उघडा आणि आपल्या खासदाराचं नाव टाकून बघा, विज्ञानावर, शेती संशोधनावर, कृषी विद्यापीठातल्या रिकाम्या पदांवर किती प्रश्न विचारलेत ते. पुढच्या निवडणुकीत कुणी दारात आलं तर रस्त्याबरोबर हेही विचारा. परभणीचं विद्यापीठ मागणारी पोरं तुमच्याच वयाची होती. त्यांनी मागितलं म्हणून आज आपल्या तुरीला एक नाव आहे.

पाटणच्या तेल्यानं पळीभर तेल दिलं तेव्हा त्याला 'लीलावती' कळत असेल का? बहुधा नाही. पण आपलं तेल कुठं जातंय, हे त्याच्याच भाषेत दगडावर कोरून ठेवलं होतं. आपल्यालाही आपल्या साडेअठरा रुपयांचा हिशोब मराठीत मागायचा हक्क आहे. आणि हिशोब नीट मिळाला, तर आणखी द्यायचं मनही होतं.

भाग आवडला तर गावाकडच्या ग्रुपवर टाका, विशेषतः हिंगोली-परभणीकडं कुणी असेल तर नक्की. तिकडं काम कुठवर आलंय ते कळवा, फोटो पाठवा. पुढच्या भागात टँकरचा हिशोब. तोवर, काळजी घ्या. राम राम.